किलिमांजारो चढायचाय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी, पायरीपायरीनं

टांझानियातल्या किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, गिर्यारोहणाचा कोर्सही लागत नाही. त्यामुळे सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला हे सहज जमेल. जमतंही. पण उहुरू हे त्याचं शिखर ५,८९५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या साडेतीनपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. अर्ध्यातून परतणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पाय चांगले मजबूत असतात. त्यांच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला पुरेसा वेळच दिलेला नसतो. म्हणून या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: जास्तीचा एक दिवस विकत घ्या. बूट, जाकीट, कॅमेरा या सगळ्यांच्या आधी.

## १. आधी दिवस ठरवा, मार्ग नंतर

बहुतेक जण मार्गांच्या नावांत अडकतात. तुम्ही उलटं करा. सुट्टी किती मिळते ते पाहा, डोंगरावर किमान सात दिवस काढता येतात का ते बघा, आणि येत नसतील तर पुढच्या वर्षी जा.

मारांगू हा सर्वात जुना मार्ग. तंबूऐवजी लाकडी झोपड्यांमध्ये झोपायला मिळतं आणि वाट मळलेली आहे, म्हणून तो 'सोपा' म्हणून विकला जातो. पाच दिवसांचं पॅकेज स्वस्तही असतं. सापळा इथेच आहे. मांडारा (२,७२० मीटर), होरोंबो (३,७२०) आणि किबो (४,७२०) अशी रोज हजार मीटरची झेप घेऊन लगेच शिखराची रात्र, म्हणजे रात्रभर चढून शिखर गाठायची वेळ, येते. मारांगूच घ्यायचा असेल तर होरोंबोला एक दिवस जास्त थांबा. त्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत खाली येऊन झोपता येतं.

माचामे सहा दिवसांतही करतात आणि सातातही. सातच घ्या. लेमोशो पश्चिमेकडून शिरा पठारावरून येतो. तो आठ दिवसांचा घेतला तर माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात चांगला, कारण उंची हळूहळू वाढते आणि पहिले दोन दिवस गर्दीही कमी असते. रोंगाई उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून चढतो आणि तुलनेनं कोरडा असतो. नॉर्दर्न सर्किटला साधारण नऊ दिवस लागतात; वेळ आणि पैसा असेल तर उत्तम. उंब्वे फार उभा आहे, पहिल्यांदा नको. वेस्टर्न ब्रीचच्या वाटेवर वरून दगड कोसळतात. जानेवारी २००६ मध्ये तिथे तीन गिर्यारोहकांचा जीव गेला. ती वाट कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

## २. महिना निवडताना आपल्या सुट्ट्या विसरा

टांझानियात मोठा पाऊस मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत आणि छोटा पाऊस साधारण नोव्हेंबरात. आता आपल्या शाळांच्या सुट्ट्या आठवा: उन्हाळ्याची मे महिन्यात, दिवाळीची ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरात. दोन्ही नेमक्या चुकीच्या वेळी येतात. पावसात जंगलातली वाट चिखलाची होते, कपडे वाळत नाहीत, वर बर्फ पडतो.

चांगले महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, आणि जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी जास्त. पौर्णिमेच्या आसपास शिखराची रात्र येईल अशी तारीख साधली तर चांदण्यात घसारा स्वच्छ दिसतो. पण त्या तारखा आधी भरतात, म्हणून बुकिंग लवकर करा.

## ३. कंपनी निवडणं: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

किलिमांजारोवर एकट्यानं जाता येत नाही. १९९१ पासून परवानाधारक गाइड सक्तीचा आहे आणि बुकिंग नोंदणीकृत कंपनीमार्फतच होतं.

दर पाहताना आधी राष्ट्रीय उद्यानाची फी वजा करायला शिका. प्रौढ परदेशी माणसासाठी दिवसाची फी ७० डॉलर, तंबूच्या प्रत्येक रात्रीचे ५० डॉलर, बचावकार्याचे एकदाच २० डॉलर, आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. सात दिवस आणि सहा रात्रींचे ९५० डॉलरच्या आसपास होतात. फी अधूनमधून बदलते, तेव्हा बुकिंगच्या वेळी ताजा आकडा विचारून घ्या. उरलेल्या पैशात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर, जेवण, तंबू, गाडी आणि मोशी या पायथ्याच्या गावातलं हॉटेल बसवायचं असतं. आता कुणी तुम्हाला सात दिवस तेराशे डॉलरमध्ये देत असेल, तर ते पैसे कुठून वाचवतात? उद्यानाची फी तर कमी होत नाही. कापली जाते ती पोर्टरांची मजुरी, त्यांचं जेवण, त्यांच्या झोपायच्या तंबूची जागा.

याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. तुमचा तंबू, गॅस, पीठ, भाज्या, टेबल-खुर्च्या सगळं डोक्यावर आणि पाठीवर घेऊन माणसं तुमच्या पुढे निघून जातात आणि तुम्ही पोचायच्या आत कॅम्प उभा करतात. एका पोर्टरवर २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर वजन होतं. तरी पातळ जाकीट आणि फाटक्या बुटात चार हजार मीटरवर झोपणारी माणसं आजही दिसतात. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था मोशीत हेच काम करते. पोर्टरांना नीट वागवणाऱ्या भागीदार कंपन्यांची यादी ती ठेवते. तुमची कंपनी त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

कंपनीला हे प्रश्न लेखी विचारा:

- पोर्टरला रोजची मजुरी किती आणि दिवसातून किती जेवणं?
- पोर्टर कुठे झोपतात? त्यांचा वेगळा तंबू आहे का?
- गाइडकडे पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का?
- किती जणांमागे एक सहायक गाइड? शिखराच्या रात्री कुणी मागे फिरलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार?
- फी, कर, विमानतळावरून ने-आण, हॉटेलच्या रात्री यांतलं काय किमतीत आहे आणि काय नाही?

मुंबई-पुण्यातल्या एजंटकडून जात असाल तर प्रत्यक्ष डोंगरावर नेणारी टांझानियातली कंपनी कोणती, हे नाव घेऊन विचारा. 'आमचीच टीम आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

## ४. कागदपत्रं

- पासपोर्ट: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला.
- व्हिसा: भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, पर्यटनासाठी ५० डॉलर. टांझानिया सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्याच संकेतस्थळावर अर्ज करा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात.
- यलो फीवरच्या लशीचं पिवळं कार्ड: मुंबईहून जाताना बरेच जण अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलतात. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश यलो फीवरच्या यादीत आहेत. तिथून परतताना कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.
- विमा: साध्या प्रवास विम्यात उंचीवरचं ट्रेकिंग बहुधा वगळलेलं असतं. पॉलिसीत ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरनं सुटका हे दोन्ही शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पुढे झांझिबारला जाणार असाल तर तिथला सक्तीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.
- डॉलर: नवे, न फाटलेले, न लिहिलेले. फार जुन्या छपाईच्या नोटा तिथे घेत नाहीत. टिपेसाठी सुट्ट्या नोटा इथूनच न्या.
- औषधांची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी. मोशी परिसरात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांबद्दल त्याच भेटीत विचारा.

सगळ्याच्या छापील प्रती एका पाकिटात ठेवा. किलिमांजारो विमानतळ मोशी आणि अरुशा यांच्या मध्ये आहे, तिथून कंपनीची गाडी घेऊन जाते. निदान एक रात्र मोशीत मोकळी ठेवा, म्हणजे बॅग उशिरा आली तरी ट्रेक बुडणार नाही.

## ५. शरीराची तयारी

निदान चार महिने आधी सुरुवात करा. पुण्यात असाल तर सिंहगड आहेच. आठवड्यातून एकदा पाठीवर सात-आठ किलो घेऊन आतकरवाडीकडून चढा आणि उतरा. वेळेची शर्यत लावू नका. बोलता बोलता चढता येईल असाच वेग ठेवा, कारण किलिमांजारोवर चालायचा वेग तोच. मुंबईकरांनी आठवड्यात दोन-तीनदा इमारतीचे जिने चढावेत आणि महिन्यातून एकदा सलग दोन दिवसांचा ट्रेक करावा. राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगड चालेल. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालायची सवय फार उपयोगी पडते. उतरायचा सराव विसरू नका, गुडघे शिखरानंतर बोलू लागतात.

मात्र सह्याद्री कितीही केला तरी उंचीची सवय होत नाही. जमलं तर आधी हिमालयात चार हजार मीटरच्या आसपासचा एखादा ट्रेक करून या. वर आपलं शरीर कसं वागतं, डोकं दुखतं का, झोप लागते का, भूक मरते का, हे आधी कळलेलं बरं.

## ६. सामान

मोठी डफल बॅग पोर्टर नेतो, तिचं वजन १५ किलोच्या आत हवं. दिवसभर लागणारं सामान तुमच्या सॅकमध्ये. चाकांची सुटकेस चालत नाही.

- थंडीचे थर: अंगालगतचे दोन संच, फ्लीस, जाड पिसांचं जाकीट, पावसाचं जाकीट आणि पॅन्ट. शिखरावर रात्री उणे दहा ते उणे वीसपर्यंत जातं आणि वर वारा.
- घोट्यापर्यंतचे, आधी खूप वापरलेले बूट. नवे बूट घालून गेटवर उभं राहू नका. विमानात बूट पायातच घाला. बाकी सगळं मोशीत भाड्यानं मिळतं, तुमच्या पायाला सरावलेला बूट मिळत नाही.
- आत पातळ आणि वर जाड असे दोन हातमोजे, कानटोपी, लोकरीचे मोजे, गॉगल, सनस्क्रीन. किलिमांजारो विषुववृत्तापासून फक्त तीन अंशांवर आहे, ऊन भाजून काढतं.
- उणे दहापर्यंतची स्लीपिंग बॅग, दोन काठ्या, घसाऱ्यासाठी गेटर्स (बुटात खडे जाऊ नयेत म्हणून घोट्याभोवती बांधायचं आवरण).
- हेडटॉर्च आणि जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक, तीन चौकोनी पिनांचा प्लग.
- तीन लिटर पाण्याची सोय, त्यातली निदान एक रुंद तोंडाची बाटली.

प्लास्टिकचा सापळा: टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आपण घरून निघताना चपला एका कॅरीबॅगेत, चिवडा दुसऱ्या, ओले कपडे तिसऱ्या, असं बांधतो. ते सगळं कापडी पिशव्यांत भरा.

खाण्याबद्दल. शाकाहारी माणसाचं डोंगरावर अडत नाही, फक्त बुकिंग करतानाच सांगा आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला पुन्हा सांगा. सकाळी पेज, टोस्ट, फळं. नंतर सूप, भात, बटाटे, घेवड्याची उसळ. चपाती आणि चहा तिथेही घरचेच आहेत. तीन हजार मीटरनंतर मात्र चव जाते आणि ताटाकडे बघवत नाही. अशा वेळी ओळखीचं काहीतरी पोटात जातं. मेतकूट, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भडंग आणि सुंठेच्या गोळ्या एवढं नक्की न्या. गरम भातावर मेतकूट पडलं की बशी रिकामी होते, हे मी चार हजार मीटरवर पाहिलंय.

बायकांसाठी: उंचीवर पाळीची तारीख पुढे-मागे होऊ शकते, तेव्हा तारीख नसली तरी तयारीनं जा. वापरलेलं सगळं घट्ट बंद डब्यात भरून खाली आणायचं असतं. कॅम्पवरचे संडास उघड्या खड्ड्यांचे आणि अस्वच्छ असतात. गटानं मिळून वेगळा शौचालयाचा तंबू घेतला तर माणशी खर्च फार येत नाही, तो घ्याच.

## ७. उंचीचा त्रास ओळखा आणि लपवू नका

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं: सौम्य त्रास जवळपास प्रत्येकाला होतो. पाणी, विश्रांती आणि संथ चाल यांनी तो आटोक्यात राहतो. धोक्याची लक्षणं वेगळी. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं म्हणजे फुप्फुसात पाणी होण्याची खूण. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, सरळ रेषेत चालता न येणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

डायमॉक्स या नावानं मिळणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी सवय लवकर व्हायला मदत करते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. घरी एक-दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. हे आधी माहीत असलं की वर घाबरायला होत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू टाळा.

सर्वात मोठा सापळा म्हणजे गाइडपासून लपवणं. एवढे पैसे भरलेत, गाइड परत पाठवेल, या भीतीनं माणसं डोकेदुखी सांगत नाहीत. गाइड रोज ऑक्सिजन मोजतो आणि प्रश्न विचारतो ते तुम्हाला वर नेण्यासाठीच. त्याला खरं सांगितलं तर तो वेग कमी करतो, पाणी पाजतो, सॅक काढून घेतो आणि बहुतेक वेळा तुम्ही पोचता.

## ८. डोंगरावरचे दिवस (सात दिवसांचा माचामे)

पहिला दिवस: सुमारे १,८०० मीटरवरच्या माचामे गेटवर नोंदणी आणि वजन, मग घनदाट पावसाळी जंगल. काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतात. रात्री कॅम्प सुमारे २,८५० मीटरवर. गाइड सारखा 'पोले पोले' म्हणत राहील, म्हणजे हळूहळू. ऐका.

दुसरा: जंगल संपून झुडपं सुरू होतात, धारेवरून चढत शिरा पठारावर, सुमारे ३,८०० मीटर.

तिसरा: सगळ्यात महत्त्वाचा दिवस. लाव्हा टॉवरला सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढायचं, तिथे जेवायचं, आणि पुन्हा बारांकोला सुमारे ३,९५० मीटरवर उतरून झोपायचं. 'एवढं चढून उतरायचं कशाला?' असं वाटेल. शरीर याच चढ-उतारात शिकतं. त्या दिवशी डोकं दुखलं म्हणून खचू नका. उतरताना माणसाहून उंच सेनेसिओची झाडं लागतात. त्यांची इथली जात जगात फक्त याच डोंगरावर वाढते, सावकाश बघा.

चौथा: सकाळीच बारांकोची भिंत. फोटोत भीती वाटते. प्रत्यक्षात सुमारे अडीचशे मीटरचा, हातापायांनी चढायचा कातळटप्पा. सह्याद्रीतल्या माणसाला तो आवडतो. काठ्या सॅकला बांधा आणि पोर्टरांना वाट द्या, तेही कातळाच्या बाजूला उभं राहून. मुक्काम करांगा, सुमारे ४,००० मीटर. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये गाळला जातो तो हाच मुक्काम.

पाचवा: अर्ध्या दिवसाची चाल, बराफू कॅम्प, सुमारे ४,६५० मीटर. इथे पाणी नाही, पोर्टर ते करांगाहून वाहून आणतात. हात धुताना तेवढं लक्षात ठेवा. दुपारी जेवून झोपा. झोप लागली नाही तरी आडवे राहा.

## ९. शिखराची रात्र

रात्री अकरा-बाराला निघायचं. बराफूपासून शिखरापर्यंत १,२०० मीटरहून जास्त चढ आहे. तो अंधारात, थंडीत, घसाऱ्यावरून.

झोपायच्या आधीच कपडे चढवून ठेवा, सॅक भरून ठेवा. बाटल्यांत गरम पाणी भरून त्या मोज्यात गुंडाळा आणि उलट्या ठेवा. पाणी वरून गोठतं, तेव्हा तोंडाशी बर्फ धरत नाही. पाण्याच्या पिशवीच्या नळीतलं पाणी गोठतं, तिच्यावर अवलंबून राहू नका. फोन आणि बॅटऱ्या जाकिटाच्या आतल्या खिशात. चिक्कीचे तुकडे करून बाहेरच्या खिशात, कारण जाड हातमोजे काढून सॅक उघडायची इच्छा होत नाही.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळे थर घालून निघालात तर अर्ध्या तासात घाम येईल आणि तोच घाम थांबल्यावर गारठवेल. पुढच्या माणसाच्या टाचांकडे बघत चाला. वर दिव्यांची रांग दिसते ती बघत बसू नका. पहाटे चार ते सहा हा वेळ सगळ्यांनाच जड जातो, परतायचे विचार तेव्हाच येतात. कंटाळा आणि थकवा आला तर चालत राहा. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं तर लगेच गाइडला सांगा.

साधारण सूर्योदयाच्या सुमारास ५,७५६ मीटरवरचा स्टेला पॉइंट येतो. तिथून विवराच्या कडेनं उहुरू पाऊण ते एक तास. चढ सौम्य आहे, पण दर काही पावलांनी थांबावं लागतं. डाव्या हाताला उरलेल्या हिमनद्या दिसतात. वर दहा-पंधरा मिनिटंच थांबा. फोटोसाठी रांग असते, तेव्हा कुणी फोटो काढायचा ते आधी ठरवा.

## १०. उतरण आणि निरोप

शिखर म्हणजे अर्धी वाट. त्याच दिवशी बराफूला येऊन, थोडं खाऊन, सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पला उतरायचं असतं. घसाऱ्यावर टाचा रोवून, काठ्या पुढे टाकून उतरा. अपघात थकलेल्या पायांमुळे याच उतारावर होतात. नखं आधीच कापलेली असू द्या.

सातव्या दिवशी म्वेका गेट. स्टेला पॉइंटपर्यंत गेलेल्यांना आणि उहुरूला पोचलेल्यांना वेगवेगळी प्रमाणपत्रं मिळतात.

टिपेची रक्कम बजेटमध्ये आधीच धरा, ती ऐच्छिक म्हणवली तरी तिथल्या लोकांच्या कमाईचा मोठा भाग आहे. पूर्ण गटानं मिळून दिवसाला मुख्य गाइडला साधारण २० ते २५ डॉलर, सहायक गाइडला १५ ते २०, स्वयंपाक्याला १२ ते १५ आणि प्रत्येक पोर्टरला ८ ते १० असा अंदाज ठेवा. सगळी रक्कम एका माणसाच्या हातात देऊ नका. कुणाला किती ते कागदावर लिहा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा आणि शक्य तर प्रत्येकाच्या हातात द्या. चांगली कंपनी याला हरकत घेत नाही. जे हातमोजे, फ्लीस, मोजे तुम्हाला पुन्हा लागणार नाहीत, ते धुऊन पोर्टरांना द्या, पण टिपेच्या वर, टिपेऐवजी नाही.

परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, एक रात्र मोशीत राहा. आणि पिवळं कार्ड चेक-इन बॅगेत न टाकता पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी ते मागतात.